कबरीवरची बाटली

सायरस मॅनिगो याचा प्राण गेला त्या सकाळी त्याची पत्नी रोझली हिने औषधाची तपकिरी बाटली स्वयंपाकघरातील नळाखाली धरली, चावीवर हात ठेवला, आणि तो हात तेथेच थिजून गेला. बाटलीच्या तळाशी बोटभर औषध उरले होते. त्यात उंदीर मारण्याची पांढरी पूड तिने स्वहस्ते कालवली होती. बाटली धुतली असती तर पुढे कोणत्याही न्यायाधीशाला तिच्या केसालाही धक्का लावता आला नसता, हे तिला कळत नव्हते असे नाही. परंतु मृताने अखेरीस हाताळलेली वस्तू धुवायची नाही, पुसायची नाही, जशी असेल तशी त्याच्या कबरीवर नेऊन ठेवायची, असा आमच्या चार्लस्टनातील काळ्या लोकांचा दंडक आहे. वस्तू मिळाली नाही तर तो ती मागत घरी येतो. रोझलीने जिवंत सायरसला शांत चित्ताने मारले खरे; मेलेल्या सायरसला फसवण्याची छाती मात्र तिला नव्हती.

तेवढ्यात मदर ड्रुसिला दारातून आत आल्या. चर्चच्या दफनमंडळीच्या सर्व विधींवर याच वृद्धेची सत्ता चाले.

"काय काय वापरलं त्यानं शेवटी?" त्यांनी विचारले.

"कप, चमचा, चष्मा," रोझली म्हणाली. मग क्षणभर थांबून तिने बाटली पुढे केली. "आणि ही."

"पाजलं कुणी?"

"मीच. दुसरं कोण होतं इथं?"

"मग तूच न्यायची," मदर ड्रुसिला म्हणाल्या, कारण ज्याच्या हातून मृताने अखेरचा घोट घेतला त्यानेच ती वस्तू वाहून न्यायची, हाही रिवाजच होता.

येणेप्रमाणे, ज्या बाटलीने खून झाला ती खुनी स्त्रीने सर्व मंडळींच्या देखत, दोन्ही हातांत धरून, भर रस्त्याने मिरवत नेली. पुढे काळे झगे घातलेले चर्चचे कारभारी डीकन, मागे गाणाऱ्या स्त्रिया, आणि मध्ये ती. खाजणाच्या काठावरील दफनभूमीत ओहोटीचा कुजका दर्प भरून राहिला होता. ओकच्या फांद्यांवरून लोंबणारे करडे शेवाळ वारा नसल्यामुळे यत्किंचितही हलत नव्हते. कबरीवर वस्तू ठेवताना ती फोडावी लागते, म्हणजे घरातील मरणाची साखळी तुटते व मृताच्या मागोमाग दुसरे कोणी जात नाही. रोझलीने बाटली दगडावर हलकेच आपटली. जोराने आपटली तर आतील द्रव हातावर उडेल, या भयाने तिचा हात आखडला. बाटलीची मान तेवढी मोडली.

"नीट फोड, रोझली," मदर ड्रुसिला म्हणाल्या. "बूड शाबूत आहे तिचं."

"हातात बळच नाही उरलं, मदर. किती रात्री जागून काढल्यात."

"राहू दे मग. सायरस समजून घेईल. जिवंतपणी कधी घेतलं नाही, पण आता तरी घेईल."

मागच्या स्त्रियांत कोणीतरी हसू दाबले. रोझलीने उरलेली बाटली वाळूत खोल रोवली आणि डोळ्यांना रुमाल लावला.

या स्त्रीने हे कृत्य का केले, ते सांगणे आवश्यक आहे. रोझली समुद्रातील एका बेटावर चिखलात कालवे वेचणाऱ्या कुटुंबात जन्मली. कालवांच्या धारदार शिंपांनी कापलेल्या तळव्यांवर मीठ चोळून पुन्हा चिखलात उतरायचे, हे तिचे बालपण. सायरस बंदरावर हमालांचा मुकादम होता. पहिली बायको वारल्यावर उतारवयात त्याने रोझलीला घरी आणले. गल्लीतील ते घर उंच, एका अंगाला लांब ओसरी असलेले, ओसरीचे छत भुतांना पाणी भासावे व त्यांनी ते ओलांडू नये म्हणून निळे रंगवलेले. त्या ओसरीवर खुर्ची टाकून, कोरड्या पायांनी बसावे, यापलीकडे रोझलीला आयुष्यात काही नको होते. तिने म्हाताऱ्याची सर्व सेवा केली. आणि एके दिवशी जेवताना, खेकड्याची नांगी दातांनी फोडता फोडता, सायरस म्हणाला, "ईस्टरनंतर घर जोसायाला देतोय. पोरगा आहे माझा. तू बेटावर बहिणीकडे जा."

"आणि मी केलं ते?"

"केलंस. खाल्लंसही. एक बोचकं घेऊन आली होतीस, एक घेऊन जाशील. वाटल्यास तो भाताचा टोप ने."

रोझलीने त्याच्या ताटात आणखी तांबडा भात वाढला. दुसऱ्या दिवशी ती सावत्र मुलाच्या, म्हणजे जोसायाच्या, धक्क्यावरील जाळ्यांच्या खोपटात गेली. तेथे उंदरांसाठी पुडीचा डबा ठेवलेला असे, हे तिला माहीत होते.

सर्व काही सुरळीत पार पडले असते. परंतु ज्या गोऱ्या व्यापाऱ्याच्या धक्क्यावर सायरसने हयात काढली, त्याने अखेरच्या दिवशी कृपावंत होऊन आपला डॉक्टर पाठवला होता. डॉक्टराने रोग्याची नखे निरखून पाहिली व थोडे केस कापून नेले. त्या केसांत विष निघाले, आणि दफन होऊन पंधरवडा लोटल्यावर पोलीस आले. त्यांनी रोझलीचे स्वयंपाकघर उलथेपालथे केले, पण तेथे काही मिळाले नाही. मग ते जोसायाच्या खोपटात गेले. तेथे डबा मिळाला. होडीच्या दुरुस्तीवरून बाप-लेक धक्क्यावर सर्वांदेखत भांडले होते, हेही दहा तोंडांनी त्यांना सांगितले. त्यांनी जोसायाला होडीतून उतरतानाच धरले. मासे टोपलीतच राहिले, ते मांजरांनी खाल्ले.

कबरीवरील बाटलीविषयी पोलिसांनी विचारले नाही, आणि आमच्या लोकांनी सांगितले नाही. गोऱ्या माणसाशी कबरीविषयी बोलत नाहीत.

बाटली तेथे उन्हात उभी होती. रविवारी सारी मंडळी तिच्या शेजारून जात. पावसाने आतील द्रव गेला, तरी तळाशी पांढरट खरपुडी चिकटून राहिली. रोझली दर रविवारी फुले ठेवण्याच्या निमित्ताने वाकून ती खरपुडी पाही. तिचा जीव त्या बाटलीत होता. परंतु जगातील कोणत्याही वस्तूला हात लावता येत होता, त्या एकीला नव्हता; कबरीवरची वस्तू उचलणे हे आमच्यात सर्वांत मोठे पाप.

जोसायाची पत्नी सेप्टिमा ही टपालकचेरीच्या कोपऱ्यावर फुले विकत असे. बाई तोंडाची फटकळ, पण मनाने गवताच्या काडीसारखी सरळ. खटला उभा राहण्यास आठवडा उरला असता ती गुरुवारी दुपारी रिकामी टोपली घेऊन रोझलीच्या स्वयंपाकघरात आली.

"बस ना, सेप्टिमा," रोझली म्हणाली. ती भेंडी चिरत होती.

"बसायला नाही आले."

"मग उभी राहा. खांबाला टेकू नकोस, रंग ओला आहे."

"खुर्चीत बसवणार म्हणतात माझ्या नवऱ्याला, मिस रोझली. विजेच्या. आणि तुम्ही खांब रंगवताय."

"मी रडले म्हणजे तो सुटणार आहे का? देवाच्या मनात असलं तर सुटेल."

"देवाला कशाला मध्ये ओढता? बाटली तुमच्या हातात होती. सगळ्या गल्लीनं पाहिली."

"होती की. बायको होते त्याची. औषध मी नाही पाजायचं, तर काय बंदरावरच्या बोक्यानं पाजायचं?"

"मग हेच सांगा कोर्टात."

"विचारलं कुणी मला? विचारलं तर सांगेन. मी कधी खोटं बोलले?"

सेप्टिमाने टोपली खाली ठेवली. तिचा आवाज एकाएकी खाली आला.

"तुम्ही नका सांगू. मदर ड्रुसिला सांगणार आहेत. रविवारी डीकनांची बैठक आहे. त्यांनी हो म्हटलं, की मदर स्वतः सार्जंटला घेऊन कबरीवर जाणार. बाटली जागची हलवायची नाही, जिथं आहे तिथंच दाखवायची, आणि कुणी ठेवली तेही सांगायचं. सगळे सांगतील. मी सगळ्यांच्या पायऱ्या झिजवल्यात."

रोझलीची सुरी थांबली नाही. तिने ती भेंडी पुरी चिरली आणि दुसरी घेतली. मदर ड्रुसिलांनी बोट दाखवले आणि मंडळींनी साक्ष दिली, तर आपण संपलो, हे तिला त्या क्षणी स्वच्छ दिसले. आणि त्याच क्षणी तिला दुसरीही गोष्ट दिसली. मंडळी जोसायाच्या बाजूने बोलतील, ते सेप्टिमाला मान आहे म्हणून. तो मान गेला, तर एकाचेही तोंड उघडणार नाही. आणि आमच्या लोकांमध्ये माणसाचा मान एका फटक्यासरशी धुळीस मिळवील असे एकच पाप होते.

"बरं होईल," ती म्हणाली. "होऊ दे एकदाचं खरं-खोटं. फक्त रविवारी तिथं काय शिल्लक असेल, ते नाही मला माहीत."

"म्हणजे?"

"शनिवारी कबरी राखणारा मोझेस येतोय ना वाळू बदलायला. मोठ्या भरतीला पाणी आत शिरलं, कबर खचलीय एका अंगानं. जुनी वाळू खाजणात टाकायची, नवी घालायची. वस्तू परत मांडतो म्हणाला. पण म्हातारा अर्धा आंधळा. काचेचा तुकडा वाळूत गेला, तर त्याला काय दिसणार आहे?"

"तुम्ही मुद्दाम करताय हे."

"पोरी, नवऱ्याची कबर खचलेली ठेवू? उद्या तूच म्हणशील, सावत्र सासू कशी ती."

सेप्टिमा टोपली तेथेच विसरून निघून गेली. रोझलीने हात धुतले, डोक्याला रुमाल बांधला आणि थेट मोझेसच्या दारी जाऊन शनिवारचे काम त्यास खरोखरच सांगून आली. शब्द खोटा पडू नये, ही तिची दक्षता होती.

सेप्टिमा धावत मदर ड्रुसिलांकडे गेली. रोझलीला हेही अपेक्षित होते, आणि म्हातारी काय उत्तर देईल हेही. मदर ड्रुसिला शेंगा सोलत बसल्या होत्या व त्यांनी मान वर केली नाही.

"मोझेस कबरी सांभाळत म्हातारा झाला. आजवर एक चमचा हरवला नाही त्याच्या हातून. गप घरी जा. डीकन बसल्याशिवाय मी कबरीबद्दल शब्द काढायची नाही."

"मदर, तोवर बाटली गेली तर?"

"जाते कुठं? पाय फुटलेत तिला?"

ज्याचे जळते त्यालाच कळते. म्हाताऱ्या माणसाला रविवार जवळ वाटतो. ज्या स्त्रीचा पती तुरुंगात आहे तिला तो सात समुद्रांपलीकडे दिसतो. रोझलीने मनाशी हिशेब मांडला. सकाळी सेप्टिमा फुले विकणार, कारण पोट कोणाला सुटले आहे? अंधार पडल्यावर आमच्यातील कोणी दफनभूमीत पाऊल ठेवत नाही. म्हणजे शुक्रवारची दुपार.

शुक्रवारी दुपारी रोझली मदर ड्रुसिलांच्या दारी उभी राहिली.

"चला ना मदर, कबरीवर. उद्या वाळू हलायची. त्याआधी तुमच्या तोंडून दोन शब्द प्रार्थनेचे पडावेत. सायरस स्वप्नात येतोय माझ्या."

"काय म्हणतो?"

"काही नाही. नुसता खोकतो."

"जिवंतपणी तेच करायचा," असे म्हणून मदर ड्रुसिलांनी काठी घेतली.

सूर्य डोक्यावर होता. दफनभूमीच्या लोखंडी दाराचा स्पर्श तापलेल्या तव्यासारखा होता. आत गेल्याबरोबर रोझलीने पाहिले, आणि तिचे हृदय आनंदाने असे उसळले, की तिला छातीवर हात दाबून धरावा लागला. सेप्टिमा सायरसच्या कबरीपाशी गुडघे टेकून बसली होती. ती रडत होती. दोन्ही हात जोडून ती मातीला काहीतरी सांगत होती. मग तिने हात सोडले, वाळूत रोवलेली बाटली धरली, आणि दात काढावा तशी उपटून घेतली.

रोझली एका शब्दानेही आड आली नाही. वास्तविक एक हाक पुरेशी होती. तिने ती मारली ती बाटली हातात आल्यानंतर.

"सेप्टिमा, हे काय केलंस?"

सेप्टिमा वळली. बाटली तिने ओटीत घेतली होती. मदर ड्रुसिला काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या.

"मदर," सेप्टिमा म्हणाली, "मी त्यांना विचारलं. मामंजींना विचारलं मी. तुमच्या पोरासाठी नेते म्हटलं, परत आणून ठेवते म्हटलं."

"ठेव ते."

"तळाला बघा मदर, हे पांढरं..."

"ठेव आधी."

"ठेवलं तर उद्या नसेल इथं."

"कोण म्हणतं? मी सांगितलं होतं ना तुला? माझ्या शब्दाला किंमत नाही?" म्हातारीने काठी वाळूवर आपटली. "मेलेल्याच्या तोंडचं काढून नेतेस? सासऱ्याच्या? मी तुझ्या नवऱ्यासाठी डीकनांपुढं उभी राहणार होते. तुझ्यासाठी."

सेप्टिमाने बाटलीकडे पाहिले, मग कबरीकडे. क्षणभर असे वाटले, की ती ठेवील. रोझलीच्या तोंडचे पाणी पळाले. मग रोझली अगदी हळू आवाजात, जणू समजूत घालत आहे अशा स्वरात म्हणाली, "ठेव पोरी. मोझेस येईल सकाळी, तो बघेल काय ते."

ते शब्द चाबकासारखे लागले. सेप्टिमाने बाटली पोटाशी घट्ट आवळली आणि ती दाराकडे धावत सुटली. तुटक्या काचेने तिचा तळहात कापला होता. शिंपल्यांच्या पांढऱ्या वाटेवर रक्ताचे थेंब पडत गेले.

"अडवू का तिला?" रोझलीने विचारले.

"नको," मदर ड्रुसिला म्हणाल्या. "ती गेली आता."

रविवारी डीकन बसले, पण जोसायाविषयी बोलण्यास नव्हे.

पुढील हकिकत न्यायालयातली. बाटलीच्या तळाशी विष होते, हे सरकारी रसायनशास्त्रज्ञाने मान्य केले, आणि सेप्टिमाच्या चेहऱ्यावर त्या उन्हाळ्यात प्रथमच रंग चढला. तो टिकला नाही. सरकारी वकिलाने विचारले, बाटली आणली कोणी? आरोपीच्या बायकोने. कोठून? कबरीवरून. तेथे ठेवली कोणी?

"मिस रोझलीनं," सेप्टिमा म्हणाली. "सगळ्यांनी पाहिलंय. विचारा त्यांना."

विचारले. मंडळींतील एकेक जण वर गेला, आणि पवित्र ग्रंथावर हात ठेवून म्हणाला, गर्दी होती, पाहिले नाही. मदर ड्रुसिला सर्वांत शेवटी उभ्या राहिल्या.

"तुम्ही दफनाला होतात?" जोसायाच्या बाजूने नेमलेल्या तरुण गोऱ्या वकिलाने विचारले.

"होते."

"ही बाटली कोणाच्या हातात होती?"

"मी त्या मुलीला कबरीवरून ही उपटताना पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं."

"माझा प्रश्न तो नाही. त्याआधी कोणाच्या हातात होती?"

"कबरीवरचं मी बोलत नाही," मदर ड्रुसिला म्हणाल्या. "बोलणार होते. आता नाही बोलत."

तो बिचारा वकील दुसऱ्या शहरातून आलेला. न बोलण्यात काय आहे, हे त्याच्या ध्यानात आले नाही. मान हलवून तो खाली बसला. सरकारी वकिलाने उठून सांगितले, की विष आरोपीच्या खोपटातले, बाटली आरोपीच्या बायकोच्या हातातली. आणि या स्त्रीने दुःखी विधवेवर बालंट आणण्यासाठी थडग्याचीही भीड ठेवली नाही. रोझली पहिल्या बाकावर काळ्या वस्त्रात बसली होती. तिला कोणी काहीच विचारले नाही. विचारले असते तर ती खरे सांगणार होती की काय, हे तिचे तिलाच ठाऊक.

जोसाया पिंजऱ्यातून आपल्या बायकोकडे पाहत होता. निकाल ऐकल्यावर तो एवढेच म्हणाला, "कशाला हात लावलास गं, सेप्टिमा?" असे म्हणताना त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तिला ते अधिक लागले.

आता कोणास वाटेल, की रोझली त्या रात्रीपासून सुखाने झोपली असेल. तसे झाले नाही. बाटली सरकारी कपाटात होती, म्हणजे सायरसची वस्तू सायरसपाशी नव्हती. ओसरीवर खोकला ऐकू येई. रोझली उंबऱ्यावर मीठ टाकी, उशाशी केरसुणी उलटी ठेवी, तरी खोकला येई. शेवटी ती न्यायाधीशांपुढे गेली आणि हात जोडून म्हणाली, की खटला संपला आहे, माझ्या पतीची वस्तू मला परत द्यावी, मला ती त्याच्या कबरीवर ठेवायची आहे. तिच्या डोळ्यांतील अश्रू खरे होते. न्यायाधीश वृद्ध व सहृदय गृहस्थ होते. त्यांना गहिवरून आले. "तुम्हा लोकांची श्रद्धा मोठी," असे म्हणून त्यांनी बाटली देवविली. ज्या हातांनी विष पाजले त्याच हातांत सरकारने तो पुरावा कागदात गुंडाळून ठेवला.

यावेळी रोझलीने ती दगडाखाली अशी चिरडली, की काचेचा चुरा वाळूत दिसेनासा झाला.

"आता तुटली साखळी," मदर ड्रुसिला म्हणाल्या. त्यांनी थोडा वेळ त्या चुऱ्याकडे पाहिले. "तेव्हाच अशी फोडली असतीस, तर जोसायावर ही पाळी आली नसती."

"माझंच चुकलं, मदर," रोझली म्हणाली.

जोसायाला ऑगस्टमध्ये राज्याच्या राजधानीतील तुरुंगात खुर्चीत बसवले. प्रेत आगगाडीने आले. परंतु मंडळींनी त्यास दफनभूमीत जागा नाकारली. कबर लुटणाऱ्या बाईचा नवरा कबरीत कसा निजणार, असे डीकन म्हणाले. प्रेत मर्तिकाच्या दुकानात बर्फावर पडून राहिले. तो उन्हाळा असा होता, की बर्फाची लादी दुपारपर्यंत पाणी होऊन दारातून बाहेर वाहत येई, आणि गल्लीतील लोक ते पाणी ओलांडून जात. सेप्टिमा दारोदार फिरली. ज्या पायऱ्या तिने नवऱ्याच्या जिवासाठी झिजवल्या, त्याच आता त्याच्या मातीसाठी झिजवल्या. दारे लागत गेली.

तेव्हा रोझली डीकनांपुढे उभी राहिली. तिने सांगितले, की अपराध झाला तो माझ्या नवऱ्याचा व माझा. आम्ही क्षमा केली, तर मंडळींनी का अडवावे? मुलीने माझ्या घरी येऊन, वडीलधाऱ्यांदेखत दोन शब्द बोलावेत, एवढे पुरे. डीकनांनी तिचे हात हातात घेतले. असे मन सर्वांना देव देत नाही, असे ते म्हणाले.

सेप्टिमा दुसऱ्या दिवशी दुपारी आली. ओसरीवर तीन डीकन व मदर ड्रुसिला बसल्या होत्या. रोझली आपल्या खुर्चीवर, कोरडे पाय पुढे करून. सेप्टिमा पायरीवरच उभी राहिली.

"बोल पोरी," डीकन हेवर्ड म्हणाले. "लाजू नकोस."

"माझं चुकलं, मिस रोझली."

"काय चुकलं ते सांग," रोझली मायेने म्हणाली. "मोकळं होतं मन."

सेप्टिमाने खाली पाहिले. "मी मामंजींच्या कबरीवरची वस्तू घेतली. आणि तुमच्यावर आळ घेतला."

"खोटा."

निळ्या छताखाली एक गांधीलमाशी घोंघावत होती.

"खोटा आळ घेतला," सेप्टिमा म्हणाली.

"झालं. विसरले मी." रोझली उठली, आत गेली, आणि किटलीतून ओतलेली कॉफी घेऊन बाहेर आली. बशीत कप, कपात वाफ. तिने ती सेप्टिमापुढे धरली. "घे. दमली असशील उन्हातून."

सेप्टिमाने कपाकडे पाहिले. तिचे हात पुढे आले नाहीत. तिने मान वर करून रोझलीच्या डोळ्यांत पाहिले, आणि रोझलीने ते पाहणे शांतपणे स्वीकारले. जगात या दोघींनाच जे ठाऊक होते, ते त्या वाफेपलीकडे स्पष्ट उभे होते. आत काही कालवलेले आहे की नाही, हे एकीला माहीत होते, दुसरीला नव्हते.

"सिस्टर रोझलीनं आपल्या हातानं दिलंय, घे पोरी," डीकन हेवर्ड म्हणाले. "नाही म्हणू नये. क्षमा अशी परत करत नाहीत."

"नको असेल तर राहू दे," रोझली म्हणाली. "माझ्या हातचं नको वाटत असेल तिला. मग ते मनापासून नव्हतं, एवढंच."

डीकनांनी एकमेकांकडे पाहिले. मर्तिकाच्या दुकानातील प्रेत आणखी एक दिवस टिकणार नव्हते, हे सेप्टिमाला माहीत होते, आणि रोझलीलाही.

सेप्टिमाने कप घेतला. तळहातावरील जखम भरून आली होती. डोळे मिटून ती प्यायली. रोझली तिचा गळा पाहत उभी होती, एकेक घोट कसा खाली उतरतो ते. कॉफी साधीच होती. रोझलीला तिला मारायचे नव्हते. मेलेली सेप्टिमा तिला काय उपयोगाची?

"साखर पुरे आहे?"

"पुरे आहे."

"अर्धा राहिलाय अजून."

सेप्टिमाने तोही संपवला. आपण जिवंत राहतो की नाही याची वाट पाहत असल्यासारखी ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग म्हणाली, "उपकार झाले, मिस रोझली."

रोझली आपल्या खुर्चीवर बसली आणि डीकन हेवर्डकडे वळली.

"दफन सकाळचं ठेवा," ती म्हणाली. "दुपारी ऊन फार होतं, मदरना सोसत नाही."